पहिला नारळ कुणाचा? गावऱ्हाटीतल्या मानाचा वाद सोडवताना

गावऱ्हाटी म्हणजे गावच्या देवकार्यांची आणि मानांची परंपरेने चालत आलेली व्यवस्था. तिच्याविषयी राजापूर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. ग्रामदेवतेच्या पालखीचा पहिला मान एका घराण्याकडे आहे. पणजोबांना दोन मुलगे, त्यातल्या थोरल्या शाखेतले चुलते शेवटचे मानकरी. दोन वर्षांपूर्वी ते वारले. त्यांना मुलगा नाही, एक मुलगी आहे, गावातच खालच्या वाडीत दिलेली. विरारला राहणारा चुलत्यांचा पुतण्या म्हणतो, थोरल्या शाखेचा मान थोरल्या शाखेतच राहणार. प्रश्न विचारणाऱ्याचे वडील धाकट्या शाखेतले, पण घराण्यातल्या हयात पुरुषांत वयाने सर्वांत मोठे, ७१ वर्षांचे. गावात दोन तट पडलेत. गेल्या वर्षी पोलीस बंदोबस्तात पालखी फिरली. यंदा रूपं (देवाचे मुखवटे) लागली, पण पालखी देवळाबाहेर निघालीच नाही. दावा लावावा की धर्मादाय आयुक्तांकडे जावं, देवाला कौल लावून मिटेल का, आणि गावाने ठराव केला तर तो टिकेल का, असं विचारलंय.

मी २६ वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कोर्टांत वकिली करते. हे वाद माझ्याकडे बहुतेक वेळा फार उशिरा येतात. तेरसे (तेरशीला सुरू होणाऱ्या) शिमग्याला आठ दिवस उरलेले असतात आणि दोन्ही बाजूंना मनाई हुकूम हवा असतो. तुम्ही शिमगा उरकल्यावर विचारलंत, म्हणजे हातात जवळजवळ वर्ष आहे. ते वाया घालवू नका.

माझं मत आधीच सांगते. वडील की विरारचे बंधू, म्हणजे चुलत्यांचा तो पुतण्या, हे ठरवण्याआधी तुमच्या घराण्यात मान एका माणसाकडून दुसऱ्याकडे आजवर कसा गेला ते शोधावं लागेल. ते सापडलं की माणूस त्यातूनच ठरतो. ते न शोधता माणूस ठरवलात, तर पुढच्या मयतीला हेच भांडण पुन्हा उभं राहील, आणि तेव्हा भांडणारी तुमची मुलं असतील.

पत्रात तुम्ही ‘मान’ हा एकच शब्द वापरलाय, पण त्यात चार गोष्टी एकत्र बांधल्या गेल्यात. देवस्थानच्या नोंदणीकृत ट्रस्टवर घराण्याची एक विश्वस्ताची जागा आहे. पालखी सहाणेवर (तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर) बसली की पहिला नारळ तुमचा. होळीचं झाड निवडणं, मांड (उत्सवाला गाव जमतो ती जागा) साफ करून घेणं, रूपं लागताना हजर राहणं ही कामं तुमची. शिवाय देवाच्या नावावरची एक भातजमीन घराण्याकडे कसायला आहे. पद, मान, सेवा आणि जमीन. गावकीच्या बैठकीत या चारही गोष्टींवर एकाच वेळी ओरडाओरडा होतो, आणि कायद्यात मात्र प्रत्येकीचं दार वेगळं आहे. चारही एकाच माणसाकडे असायला हव्यात असंही नाही. अर्धे वाद मी केवळ ही गाठ सोडवून मिटलेले पाहिलेत.

विश्वस्ताच्या जागेचा प्रश्न महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली येतो. तुमचं देवस्थान नोंदलं गेलं तेव्हा कलम १९ खाली चौकशी झाली असणार. त्या चौकशीत विश्वस्त कोण आणि त्यांच्यामागे विश्वस्तपद कुणाकडे, कोणत्या रीतीने जाणार, हेही नोंदवायचं असतं. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा (ट्रस्टच्या नोंदणीचा) उतारा आणि मूळ चौकशीची फाइल, दोन्हींच्या नकला काढा. उताऱ्यावर ‘वंशपरंपरेने’ एवढाच एक शब्द असेल, तरी फाइलमध्ये त्या वेळच्या मानकऱ्याचा जबाब सापडू शकतो, आणि तो तुमच्या पणजोबांचा किंवा आजोबांचाही असू शकेल. वाद नसताना दिलेला तो जबाब आज दहा साक्षीदारांहून मोलाचा आहे. विश्वस्त बदलल्याची खबर कलम २२ खाली ९० दिवसांत द्यायची असते, त्यालाच आपण चेंज रिपोर्ट म्हणतो. तो कुणी दिलाय का ते तपासा. विरारच्या बंधूंनी दिला असेल तर तिथे हरकत नोंदवा. कुणीच दिला नसेल, तर विलंबमाफीचा अर्ज जोडून द्यावा लागेल. या कायद्याने धर्मादाय अधिकाऱ्यांकडे सोपवलेले प्रश्न दिवाणी कोर्टात चालत नाहीत, कलम ८० त्याला आडवं येतं. दिवाणी दावा लावून विश्वस्तपद मागणारे बरेच जण तिथेच आपटतात.

पहिल्या नारळाचं तसं नाही. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने दक्षिणेतल्या एका मठाधिपतींच्या वादात सांगितलं की तीर्थ किंवा प्रसाद आधी मिळावा एवढ्या नुसत्या मानासाठी दावा चालत नाही. तो मान एखाद्या पदाला जोडलेला असेल, तर चालतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ चं स्पष्टीकरणही पदाच्या वादाला दिवाणी स्वरूपाचा वाद मानतं, मग तो वाद संपूर्णपणे धार्मिक रीतींवर अवलंबून असला तरी. त्या पदाला काही उत्पन्न आहे की नाही याला महत्त्व नाही, हे १९७६ च्या दुरुस्तीने साफ केलं. म्हणून वकिलाने दाव्यात फक्त ‘आमचा पहिला नारळ’ असं लिहिलं, तर दावा सुरुवातीलाच अडखळतो. मानकरी हे पद आहे, त्याला अमुक कर्तव्यं आहेत, ती आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या केली आणि त्या कर्तव्यांचा भाग म्हणून पहिला नारळ, असं मांडावं लागतं. म्हणजे तुमची सगळी भिस्त सेवेवर आहे. पंचवीस वर्षं होळीच्या झाडाला हात न लावता फक्त नारळावर हक्क सांगणाऱ्या माणसाची बाजू कोर्टात लंगडी पडते, आणि माझ्या मते ती लंगडी पडायलाच हवी.

मुदतीचंही बघा. वंशपरंपरागत पदाचा ताबा मागायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १०७ खाली १२ वर्षं मिळतात, समोरच्याने तुमच्याविरुद्ध ते पद धरलं त्या दिवसापासून. तुमची दोनच गेलीत. पण ‘जाऊ दे, भावकीत कशाला’ म्हणत बारा वर्षं गप्प बसलेली घराणी मी पाहिलीत. त्यांचा हक्क कायद्यानेच संपला. नुसता हक्क जाहीर करून मागणाऱ्या, म्हणजे घोषणेच्या दाव्याला तर तीनच वर्षं असतात. भांडायचं नसेल तरी दरवर्षी लेखी हरकत देऊन तिची पोच ठेवा.

जमिनीविषयी इथे जास्त लिहीत नाही. सातबारा आणि जुने फेरफार काढा, जमीन देवाची म्हणून लागली असेल तर ती तुमच्यापैकी कुणाचीच नाही, आणि तिला या वादात ओढू नका.

आता मुख्य गोष्ट. ‘वडीलपण’ हा आपल्याकडे फसवा शब्द आहे. काही घराण्यांत मान थोरल्या शाखेत उतरतो, थोरल्याचा थोरला, त्याचा थोरला, असा. काही घराण्यांत तो सबंध भावकीत वयाने जो मोठा त्याच्याकडे जातो, शाखा कोणतीही असो. दोन्ही रीती कोकणात आहेत, आणि दोन्हींना लोक ‘वडीलपणाने’ असंच म्हणतात. तुमचे वडील एका रीतीने बोलतायत, विरारचे बंधू दुसऱ्या, आणि दोघंही मनापासून खरं बोलत असणार.

एक वही घ्या. आठवतील तितके मागचे मानकरी लिहा, निदान चार. प्रत्येकाच्या नावापुढे मृत्यूचं साल. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये म्हणजे कोतवाल बुकात मिळतात, तहसील कार्यालयात अर्ज करा. त्या दिवशी घराण्यात कोण कोण हयात होतं, त्यांची वयं आणि शाखा. पुढच्या शिमग्याला नारळ कुणी ठेवला. कुणी हरकत घेतली का. मग त्या यादीतून असा प्रसंग शोधा जिथे दोन रीतींची उत्तरं वेगळी येतात: थोरल्या शाखेचा वारस तरुण होता आणि धाकट्या शाखेत त्याच्याहून मोठा माणूस हयात होता. अशा वेळी नारळ कुणाच्या हाती गेला? बाकीचे प्रसंग, जिथे थोरल्या शाखेचाच माणूस वयानेही मोठा होता, ते काहीच सिद्ध करत नाहीत. लोक कोर्टात अशीच उदाहरणं मोजून दाखवतात, ‘पाच पिढ्या थोरल्याकडे’, आणि उलटतपासणीत पाचांपैकी एकही टिकत नाही. एकच खरा वेगळा प्रसंग सापडला, तर तो पाचांवर भारी ठरतो. तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की आजोबांच्या वेळी ‘थोरल्या घरचा मुलगा अजून मिसरूड न फुटलेला होता’. तिथे थांबून नीट चौकशी करा. त्या वर्षी नारळ कुणी ठेवला? आणि तो मुलगा मोठा झाल्यावर मान परत गेला का? परत गेला असेल, तर आजोबांनी तो फक्त सांभाळला, आणि विरारच्या बंधूंची बाजू बळकट होते. परत गेला नसेल, तर वडिलांची. हे उत्तर तुम्हाला आवडेल की नाही, ते पाहू नका. ते खरं आहे का एवढंच पाहा.

या तपासात सुतक सर्वांत जास्त घोळ घालतं. भावकीतला कुणी गेला की सगळ्या घराण्याला सुतक, मग त्या शिमग्याला दुसऱ्या कुळाचा मानकरी नारळ ठेवतो. तीस वर्षांनी त्याचे नातू म्हणतात, आमच्या आजोबांनी ठेवला होता, मान आमचा. लांज्याच्या बाजूच्या एका वादात समोरच्या घराण्याने अशी पाच वर्षं मोजून दाखवली. देवस्थानच्या जमाखर्चाच्या जुन्या वहीत दोन ठिकाणी समासात बारीक अक्षरात ‘सुतकामुळे’ लिहिलेलं निघालं. तिसऱ्या वर्षाचा उलगडा एका ऐंशी वर्षांच्या माहेरवाशिणीने केला. ती म्हणाली, त्या शिमग्याला मी माहेरी बाळंतीण होते, माझ्याच पोराचं सोयर होतं, म्हणून नारळ त्यांनी ठेवला. बैठकीत बसलेल्या साठ पुरुषांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक गावात आधी म्हाताऱ्या बायकांना भेटते. मयती, बाळंतपणं, लग्नं कोणत्या वर्षी झाली हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं, आणि पालखीच्या बैठकीत त्यांना कुणी विचारत नाही.

कायद्याच्या नजरेत रिवाजाला वजन आहे, आणि ते जुनं आहे. इंग्रजी अमलातलं शेवटचं अपील कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली रामनाडच्या वादात म्हटलं होतं की स्पष्ट सिद्ध झालेला रिवाज हिंदू कायद्यात लिखित वचनापेक्षा वरचढ ठरतो. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्येही ‘कायदा’ या शब्दात कायद्याचं बळ असलेल्या रूढी येतात. पण ‘स्पष्ट सिद्ध’ हीच अडचण असते. रिवाज जुना, अखंड, निश्चित आणि वाजवी असावा लागतो, आणि तो कायद्याच्या किंवा लोकहिताच्या विरोधात चालत नाही. रिवाजाविषयी हयात नसलेल्या माणसाने सांगितलेलं किंवा लिहिलेलं पुराव्यात येतं, पण ते वाद उभा राहण्याआधीचं असेल तरच. जुन्या पुरावा कायद्यात ही तरतूद कलम ३२ मध्ये होती, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम २६ मध्ये आहे. म्हणून गेल्या दोन वर्षांत गावातल्या वडीलधाऱ्यांकडून सह्या घेऊन जी प्रतिज्ञापत्रं तुम्ही आणि त्यांनी गोळा केलीत, त्यांवर फार विसंबू नका. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नामावळी त्याहून बोलकी ठरेल. खोतीच्या काळची बोटखतं, जत्रेच्या खर्चाच्या याद्या, गावच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या जुन्या पावत्या, शिमग्याची छापील पत्रिका, सगळं बघा. पत्रिकेवर ‘मानकरी’ म्हणून कुणाचं नाव आधी छापलंय, यावरून मी एक वाद मिटताना पाहिलाय.

हे सगळं इतकं टोकाला का जातं, तेही समजून घ्यायला हवं. मराठी मुलखात गावच्या मानाचे तंटे नवे नाहीत. शिवकाळात आणि पेशवाईत पाटीलकी-देशमुखीचे वाद गोतसभेपुढे चालत, आणि निवाड्याचा महजर, म्हणजे साक्षींसह लिहिलेला कागद, होई. त्यावर गावच्या बलुतेदारांच्याही साक्षी असत, पाटलाची नांगराची निशाणी, सुताराची त्याच्या हत्याराची. पाटीलकीच्या वाटणीच्या कागदांत कुणाचा बैल पोळ्याला पुढे, होळीची पोळी कुणाची, शिरपाव आधी कुणाला, हे कलमवार लिहून ठेवलेलं आहे. त्या लोकांनी मान मोघम ठेवला नाही. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली, आजचा पोलीस पाटील प्रांताधिकारी नेमतात आणि ते पद वंशाने येत नाही. घराण्याची गावातली प्रतिष्ठा दाखवायला जी दहा ठिकाणं होती, त्यातलं देऊळ तेवढं उरलं. दहा ठिकाणांचा भार आज एका नारळावर आलाय. मुंबईला चाळीत किंवा विरारच्या दोन खोल्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला त्या नारळाची ओढ का वाटते, हे कळलं की त्याच्याशी बोलणं सोपं जातं. तुमच्या बंधूंना ‘चाकरमानी येऊन मान मागतो’ असं बैठकीत कुणीतरी म्हणालं, असं तुम्ही लिहिलंय. ते वाक्य परत घ्यायला लावा. मी पाहिलेल्या बऱ्याच दाव्यांच्या मुळाशी असंच एखादं वाक्य होतं.

काही रिवाज मात्र सिद्ध झाले तरी टिकणार नाहीत, आणि तसल्या कामात मी वकीलपत्र घेत नाही. गावऱ्हाटीत अमुक समाजाने ढोल वाजवायचाच, अमुक समाजाने देवळाच्या पायरीखालीच उभं राहायचं, असं म्हणणाऱ्यांना संविधानाचा अनुच्छेद १७ आणि १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा पुरेसा आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते महारांना गावच्या राबणुकीतून सोडवण्यासाठी. ज्यांनी तो भार खाली ठेवला, त्यांच्यावर ‘परंपरा मोडली’ म्हणून बोट ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. तसंच वाळीत टाकणं. तुमच्या गटाच्या तीन घरांच्या लग्नाला गावाने जायचं नाही असं ठरलं, असं पत्रात आहे. २०१६ च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याने हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. तुमच्याच बाजूने असं काही चाललं असेल, तर तेही आजच थांबवा. मानाचा वाद वर्षानुवर्षं चालवता येतो. माणसाला पाणी, दुकान, लग्न, मयत यांतून तोडणं एक दिवसही सहन करू नये.

आता चुलत्यांच्या मुलीबद्दल. पत्रात तिच्यासाठी एकच वाक्य आहे, ‘ती मुलगी असल्याने प्रश्न नाही’. मला तिथेच प्रश्न दिसतो. वडील आजारी असताना शेवटची चार वर्षं मांड साफ करून घेण्यापासून सगळी कामं तीच बघत होती, हे तुम्हीच पुढे लिहिलंय. देवस्थानाच्या पदाला जोडलेला हक्क हा वारशाने जाणारा मालमत्तेसारखा हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली अंगुरबाला मलिक यांच्या खटल्यात मान्य केलं, आणि १९५५ साली राज काली कुवर यांच्या खटल्यात सांगितलं की स्त्री पुजारीपदाची वारस होऊ शकते आणि प्रत्यक्ष विधी प्रतिनिधीकडून करवून घेऊ शकते. ही दोन्ही प्रकरणं कोकणातल्या मानकऱ्यांची नाहीत, आणि तुमच्या घराण्यात मान पुरुषांतच राहतो असा रिवाज कुणी सिद्ध करू पाहील. तरीही तिला न विचारता तुम्ही दोघांनी आपसात तडजोड केलीत, तर ती तडजोड उद्या तिने उचललेल्या एका दाव्याने कोसळू शकते.

दक्षिण आफ्रिकेतलं एक प्रकरण मी अशा बैठकांत नेहमी सांगते. लिम्पोपो प्रांतातल्या वलोयी समाजाच्या प्रमुखाला मुलगा नव्हता, फिलिया शिलुबाना ही मुलगी होती. १९६८ साली तो वारल्यावर रीतीप्रमाणे पद त्याच्या भावाकडे गेलं. नव्वदच्या दशकात, नवं संविधान आल्यावर, समाजानेच बसून ठरवलं की पद फिलियाकडे परत यावं. भाऊ वारल्यावर त्याच्या मुलाने कोर्टात हक्क सांगितला. २००८ साली तिथल्या संविधान न्यायालयाने निकाल दिला की रिवाज ही जिवंत गोष्ट आहे, समाज तो संविधानाशी सुसंगत करून बदलू शकतो, आणि पद शिलुबाना यांचंच. आपल्या कोर्टांवर तो निकाल बंधनकारक नाही. पण प्रमुखाला मुलगा नसणं, मुलगी असणं, पुतण्या उभा राहणं, हे सगळं वाचताना मला आपलीच गावं दिसतात. तिथे समाजाने बसून ठरवलं होतं, म्हणून कोर्टाला काहीतरी धरता आलं.

यावरून तुमच्या ठरावाच्या प्रश्नाकडे येते. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेला देवाचा मान ठरवण्याचा अधिकार नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला रूढी जपण्याचे अधिकार देतो, पण तुमचा तालुका त्या क्षेत्रात नाही. गावकीची म्हणजे मानकऱ्यांची बैठक वेगळी. तिचा ठराव रिवाजाचा पुरावा म्हणून चालेल, पण बहुमताच्या जोरावर एका घराण्याचा सिद्ध हक्क काढून घेता येणार नाही. घराण्याच्या सगळ्या शाखा आणि गावकी मिळून नवी रीत ठरवली, तर ती मजबूत होते. वंशपरंपरेचा हक्क कायमचा आहे असं धरून मात्र कुणी चालू नये. पंढरपुरात १९७३ च्या कायद्याने बडवे आणि उत्पातांचे हक्क संपवले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते कायम झालं. देवस्थानात भांडणं वाढली की शासनाला आत यायला वाट मिळते.

कौलाबद्दल स्पष्ट सांगते. माझी देवावर श्रद्धा आहे, आणि कौलाने वाद ठरवू नका. कौल लावणारा गुरव किंवा घाडी याच गावचा असतो, कुणाच्या तरी नात्यातला असतो, आणि कौल एका बाजूने आला की दुसरी बाजू त्या बिचाऱ्याला धरते. समझोता लिहून झाल्यावर देवासमोर गाऱ्हाणं घालून तो वाचून दाखवा. गावात सहीपेक्षा त्या गाऱ्हाण्याला लोक जास्त जपतात, हे मी पाहिलंय.

बैठक देवळात नको आणि कुणाच्या पडवीत नको. शाळेत घ्या. पहिल्या दिवशी फक्त मागच्या मयती आणि नारळ यांची यादी, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या. हक्काची चर्चा त्या दिवशी करायची नाही, हे आधीच ठरवा. पंच तालुक्याबाहेरचे असावेत, आणि मुंबई मंडळाचे दोघे तरी प्रत्यक्ष हजर असावेत. फोनवरून ऐकणारा माणूस फोनवरूनच बिघडवतो. मग लिहायला घ्या. मान कोणत्या रीतीने उतरतो; मानकरी परगावी असेल तर गावात कामं कोण करणार; सुतक-सोयरात नारळ कोण ठेवणार आणि त्याने त्याला हक्क मिळणार नाही; वारस अज्ञान (वयात न आलेला) असेल तर कोण सांभाळणार आणि कधी परत देणार; मुलींचं काय; मान सोडायचा असेल तर कसा सोडायचा. विश्वस्ताची जागा आणि नारळ वेगळ्या माणसांकडे दिले तरी चालतात. तुमच्या वादात मला हीच वाट दिसते: वडिलांकडे हयातभर नारळ, बंधूंकडे ट्रस्टवरची जागा, आणि शिमग्याची कामं जी करतेय त्या चुलतबहिणीला त्यांचा लेखी अधिकार. त्यांच्यानंतर वहीतून निघालेली रीत लागू. हा फक्त माझा अंदाज आहे, वही काय सांगते त्यावर तो बदलेल.

हा कागद नुसता स्टँपपेपरवर ठेवू नका. दोन किंवा अधिक हितसंबंधी व्यक्ती त्याच विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५०अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे देवस्थानची योजना, म्हणजे कारभाराची नियमावली, मागू शकतात, त्यात ही कलमं घालून घ्या. दावा आधीच लागला असेल तर तडजोडीचा हुकूमनामा घ्या, आणि दावा गावाच्या वतीने प्रातिनिधिक असेल तर तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते, ती विसरली की सगळं फुकट. 

वकिलीच्या चौथ्या वर्षी मी एका घराण्याला होळीच्या आदल्या संध्याकाळी मनाई हुकूम मिळवून दिला होता. कायद्याने तो बरोबर होता. त्या वर्षी आणि पुढची सहा वर्षं त्या गावात पालखी नाचली नाही. माझा पक्षकार सातव्या वर्षी वारला, पहिला नारळ एकदाही न ठेवता. म्हणून शेवटच्या आठवड्यातला हुकूम मी आता सहसा मागत नाही. समोरची बाजू तो एकतर्फी घेईल अशी भीती असेल, तर कोर्टात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, दाखल करून ठेवा, ते ९० दिवस चालतं. तहसीलदार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ खाली, जमाव किंवा पालखी रोखू शकतात, पण त्यांच्या हुकुमाने कुणाचा हक्क ठरत नाही आणि जातही नाही.

पुढच्या शिमग्यापर्यंत समझोता झाला नाही, तर एका वर्षापुरतं तरी दोन्ही बाजूंनी तहसीलदारांसमोर लिहून द्या: यंदाचा नारळ दुसऱ्या कुळाचे मानकरी ठेवतील, यामुळे कुणाच्याही हक्काला बाध येणार नाही आणि कुणाला नवा हक्क मिळणार नाही. सुतकात ते ठेवतातच, तेव्हा गावाला हे अनोळखी वाटणार नाही. पालखी घरोघर जाईल.

आता वडिलांजवळ बसा आणि त्या मिसरूड न फुटलेल्या मुलाबद्दल विचारा. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख घाला. मग तीच वही घेऊन खालच्या वाडीत चुलतबहिणीकडे जा.